बिनलेबलची बरणी

१४ डिसेंबर २०२५, रविवार. सकाळी दहा.

शर्मिलाचा फोन. ४ जानेवारीला गाडी घेऊन येते बाबा, सामान बांधून ठेवा. म्हणजे माझं तिच्याकडे पनवेलला जाणं ठरलं. हरकत नाही. एकतीस वर्षं अकरावी-बारावीच्या पोरांची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेतलेल्या माणसाला दोन खोल्या आवरायला एकवीस दिवस म्हणजे चैन. वेळापत्रक आखून भिंतीवर लावलं. आज स्वयंपाकघर.

साडेअकरा. फडताळाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात बायकोची, मंजुळाची, काचेची बरणी सापडली. निव्वळ योगायोग. तो कप्पा मी साडेचार वर्षं उघडला नव्हता, हाही योगायोग. आत पांढरा क्षार, चिकटून ढेकूळ झालेला. लेबल नाही.

स्वतःसाठी नोंद करून ठेवतो. २०२१चा पूर. कॉलेजच्या लॅबमध्ये छातीपर्यंत पाणी होतं. बाटल्यांची लेबलं धुऊन गेली. मी आणि लॅब अटेंडंट कुशाबा, आम्ही सदतीस बाटल्या इथे गच्चीत आणून वाळवल्या, एकेक ओळखून नवी लेबलं लावली. खाली तळमजल्यावर शमसुन्निसाभाभींच्या घरात गुडघाभर चिखल. मंजुळा रोज तो उपसायला, त्यांच्या गोधड्या धुवायला जायची. एक दिवस गच्चीत येऊन तिने विचारलं, यातला धुण्याचा सोडा कुठला. मी नुकसानीचा अहवाल लिहीत होतो. मान वर न करता बोट दाखवलं. तिने त्या बाटलीतला क्षार या बरणीत ओतून घेतला. मी नक्की कुठल्या बाटलीकडे बोट दाखवलं ते आठवत नाही. बारा दिवसांनी मंजुळा गेली. किडन्या निकामी.

या दोन गोष्टींचा संबंध आहे असं मी म्हणत नाही. फक्त क्रमाने लिहिल्या.

त्या वर्षीची डायरी बघितली असती, पण ती पुरात गेली. (पाणी जिन्याच्या नवव्या पायरीला थांबलं होतं आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. पण ओल वर चढते.)

संकल्प : ४ जानेवारीच्या आत हा क्षार ओळखायचा. हेतू शुद्ध शैक्षणिक.

दुपारी चार. भाभींकडून छोटा डिजिटल काटा आणला. मुलाने कुवेतहून पाठवलाय, त्या त्यावर केशर मोजतात. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. फरशी धुण्याचं ॲसिड घरात होतंच.

रीत सोपी आहे. क्षारावर ॲसिड टाकलं. फसफसला. म्हणजे कार्बोनेट, आणि निघून जातो तो कार्बन डायऑक्साइड. जितका वायू गेला तितकं वजन कमी. वायूच्या एका मोलचं वजन ४४. त्यावरून वायूचे मोल, तेवढेच क्षाराचे मोल, आणि त्यावरून क्षाराच्या एका मोलचं वजन. ते कळलं की नाव कळलं, कारण प्रत्येकाचं वेगळं. माणसांपेक्षा क्षार बरे.

घेतलेला क्षार ५.०० ग्रॅम. घट ०.७७. उत्तर २८५.७.

धुण्याच्या सोड्याचं २८६.

रद्द. पहिलंच रीडिंग इतकं तंतोतंत? मुलं असं रीडिंग आणायची तेव्हा मी वहीवर लाल रेघ मारून विचारायचो, उत्तर आधी पुस्तकात पाहिलंस ना? मनात उत्तर हवंसं असलं की हातही तसाच हलतो. माझ्या बाबतीत सवलत नाही. पुन्हा करणार.

बरणीच्या झाकणाचं रबर तुटलं. ढेकूळ बत्त्याने फोडून खडे ताटलीत पसरले, वर मलमलचं फडकं. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. भरले ३७५ ग्रॅम.

स्वयंपाकघर आवरणं उद्या.

१७ डिसेंबर. दुपारी तीन.

पुस्तकं बांधायला घेतली. स्वयंपाकघरातून आवाज : झालं का तुमचं?

मंजुळाचा प्रश्न. जेवायला बोलावताना हाच, बाहेर निघताना हाच. उठून पाहिलं. कोणी नाही. खिडकीतलं फडकं हलत होतं.

निदान : कानाची तक्रार. साठीत होते. पनवेलला गेल्यावर डॉक्टरला दाखवायचं. लिहून ठेवलं.

पुस्तकं उद्या.

१९ डिसेंबर. सकाळी नऊ.

रीडिंग दुसरं. ५.०० ग्रॅम. घट ०.८२. उत्तर २६८.

पहिल्यापेक्षा अठरा कमी. तोच क्षार, तोच काटा, तेच ॲसिड, तोच मी. तक्ता काढला. २६७ : लेड कार्बोनेट. शिसं.

शिशाने किडनीवर परिणाम होतो. हे सर्वसामान्य ज्ञान म्हणून लिहितोय.

दहा वाजता. ताटलीतला क्षार मोजला, सकाळी काढलेले पाच ग्रॅम धरून. ३५२ ग्रॅम. रविवारी ३७५ होते. तेवीस ग्रॅम कोणी नेले? आणि खडे रविवारी काचेसारखे होते, आज त्यांच्यावर पांढरी पूड. भाकऱ्या थापता थापता कोणी पिठाच्या हाताने चाळून गेल्यासारखी.

घराची दुसरी किल्ली भाभींकडे. विचारलं. त्या दुखावल्या. म्हणाल्या, तुमच्या ताटलीतलं मी कशाला घेऊ सर, मी डबा ठेवते नि जाते, त्या खिडकीकडं तर मी बघतपन नाय. का बघत नाही ते मी विचारलं नाही.

बंदोबस्त : फडक्यावरून आडवा काळा दोरा लावला, दोन्ही टोकांना मेण. हात लागला की तुटणार.

२० डिसेंबर.

दोरा शाबूत. आणखी दहा ग्रॅम कमी.

२१ डिसेंबर, रविवार.

एसटीने पोलादपूर. कुशाबा आता तिथे आंबेनळीच्या रस्त्याला राहतो, पेरूची झाडं लावलीत. त्या काळच्या बाटल्यांबद्दल तज्ज्ञ म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून विचारायला गेलो.

मी रीडिंगं दाखवली. त्याने कागद उलटा धरून पाहिला, परत दिला. म्हणाला, सर, एवढं कशाला? वाटीभर पान्यात टाका. विरघळला नि बोटांना बुळबुळीत लागला तर सोडा हाय. दुसरं ते शिशाबिशाचं पान्यात विरघळत नाय, तुमीच शिकवलंत मला.

कुशाबा दहावी नापास. शोध शोधासारखा व्हायला हवा, हे त्याला कुठून कळणार. विषय सोडला.

निघताना पिशवीत पेरू भरता भरता तो म्हणाला, वैनी जिन्यात बसून असायच्या सर, तेवा. गच्चीच्या जिन्यात. तुमाला आठवतंय का?

मी म्हटलं, साडेचारची गाडी आहे. चार वाजून पाच मिनिटंच झाली होती.

२३ डिसेंबर.

शिवथरला व्याख्यान. विषय नेहमीचा, भुतं नसतात. अंधश्रद्धेविरुद्ध बावीस वर्षं बोलतोय. लिंबातून रक्त काढून दाखवलं, त्यामागची केमिस्ट्री सांगितली. टाळ्या.

शेवटी साळूबाई नावाची एक म्हातारी उठली. म्हणाली, समदं पटलं रे गुरुजी. पन घरातलं मानूस गेल्यावर हाक येती ती कुनाची?

याचं उत्तर माझ्याकडे छापील आहे. मेंदू, सवय, स्मृती. मी पाणी प्यायलो. पुन्हा प्यायलो. आयोजकाने आभार मानायला सुरुवात केली.

परतताना गाडीत ठरवलं, हे शेवटचं व्याख्यान. कारण पनवेल लांब पडेल.

२५ डिसेंबर.

मनुस्मृती दहनाचा दिवस, क्रांतिस्तंभावर गर्दी. दरवर्षी आम्ही दोघं जायचो, मंजुळा पांढरी साडी नेसायची. आज घरीच थांबलो. क्षाराकडे लक्ष द्यायला कोणी तरी हवं.

दुपारी मागच्या मोरीत धुणं आपटल्याचा आवाज. एक, दोन, मग पिळताना व्हायचा तो थांबा, मग तीन. शेजाऱ्यांचं असणार. शेजारचं घर नोव्हेंबरपासून बंद आहे, पण आवाज लांबून येतो.

बांधाबांध : काहीही नाही. मात्र सर्व खोक्यांवर लेबलं लावून झाली. खोकी रिकामी आहेत.

२७ डिसेंबर. सकाळी साडेदहा.

रीडिंग तिसरं. ५.०० ग्रॅम. घट १.१२.

१९६.४.

पुन्हा केलं. ५.०१ ग्रॅम, घट १.१२. १९६.८.

बेरियम कार्बोनेट १९७. उंदीर मारायचं औषध. आमच्या लॅबमध्ये एक बाटली होती. पांढरी.

मी बोट दाखवलं.

बारा वाजता. ताटलीत २५४ ग्रॅम, सकाळी काढलेले दहा धरून. दोरा शाबूत. आता खडे उरलेच नाहीत, नुसती पूड.

दोन वाजता. कुशाबाची रीत आठवली. बेरियमचं असेल तर वाटीच्या तळाशी पांढरं बसून राहील. विरघळलं तर तो बेरियम नाही. एका मिनिटाचं काम. वाटी घेतली, पाणी भरलं, चमच्यात पूड घेतली. मग पाणी ओतून दिलं. अशी घाई करणं बरोबर नाही.

चार वाजता. झालं का तुमचं?

मी मोठ्याने म्हटलं, थांब. मग स्वयंपाकघरात मी कोणाशी बोललो याचा विचार करत उभा राहिलो.

२८ डिसेंबर, रविवार.

जेवलो नाही. भाभी डबा घेऊन आल्या तो कालचा डबा तसाच. त्या बसल्या. कधी बसत नाहीत. म्हणाल्या, सर, तुमची तब्येत बरी नाय, शर्मिलाला फोन लावू का?

मग मी सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. बरणी, बाटली, बोट, बेरियम.

त्या म्हणाल्या, ती पावडर मंजुळाताई बरनी भरून माझ्याकडं घेऊन आल्या. आम्ही दोघींनी वापरली, आठवडाभर, उघड्या हातांनी. मीपन. मला काय झालं? मी तुमच्यापुढं बसली हाय ना?

मी म्हटलं, सॅम्पल साइझ फार लहान आहे. एकीवरून निष्कर्ष काढता येत नाही.

भाभी रडायला लागल्या. म्हणाल्या, त्यांच्या पायाला पत्रा लागला होता, माझ्या घरातल्या चिखलात. मी म्हटलं राहू द्या, त्या ऐकत नव्हत्या. डॉक्टरनी लेप्टो सांगितला सर, जखमेतनं शिरून किडन्या खातो तो ताप, तुम्ही तिथंच उभे होता, आम्ही सगळे होतो. माझ्या घरातला चिखल होता तो. चार वर्षं मी तुमच्या तोंडाकडं बघत नाय.

तर भाभी रोज डबा का आणतात ते आज कळलं. त्यांच्यासाठी काही तरी बोलायला हवं होतं. मी काटा परत हवाय का विचारलं.

पायाला पत्रा लागला होता हे मला माहीत नव्हतं. एका घरात राहत होतो.

३१ डिसेंबर. सकाळी आठ.

गेले दोन दिवस ताटलीचं वजन जवळजवळ स्थिर. कोणी नेत नाही आता. नेण्यासारखं उरलं नसावं.

रीडिंग चौथं. ५.०० ग्रॅम. घट १.७७. उत्तर १२४.३.

१२४ला कुठलंही विष नाही. तक्ता दोनदा पाहिला.

२८६, २६८, १९७, १२४. एक क्षार सतरा दिवसांत चार नावं कशी घेईल? मी फळ्यावर लिहायचो तसा आकडे लिहायला लागलो आणि २८६ उणे १२४ केले. १६२. भागिले १८. नऊ.

अठरा म्हणजे पाणी.

धुण्याच्या सोड्याच्या खड्यात दहा पाणी, म्हणजे पाण्याचे दहा रेणू, असतात. उघड्यावर ठेवला की नऊ उडून जातात, एक राहतं, आणि काचेसारख्या खड्याची पूड होते. दरवर्षी ऑगस्टमध्ये शिकवायचो. एकतीस वर्षं. हमखास येणारा प्रश्न, दोन मार्क. बरणीत झाकून होता तोवर तसाच होता. मी ताटलीत पसरला आणि रोज वजन करत बसलो. कोणी काही नेलं नाही. खिडकीतून पाणी गेलं, एवढंच.

पहिल्या दिवशीचं उत्तर बरोबर होतं. म्हणूनच मी ते खोडलं.

वाटीत पाणी घेतलं, पूड टाकली. विरघळली. बोटांना बुळबुळीत लागलं. कुशाबाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, मंग, हेच तर मी बोललो. आता जेवा सर.

निष्कर्ष : क्षार निर्दोष. मी निर्दोष. प्रकरण बंद.

दुपारी तीन. जेवलो. आनंद वाटायला हवा. अजून वाटत नाही. संध्याकाळपर्यंत वाटेल.

१ जानेवारी २०२६.

वाटला नाही.

४ जानेवारी, रविवार. सकाळी.

शर्मिला नऊला आली. रिकाम्या खोक्यांवरची लेबलं वाचत गेली : पुस्तकं (विज्ञान), पुस्तकं (इतर), भांडी (आईची). पदर खोचून भरायला लागली. हुबेहूब आई.

साडेदहाला माझ्या ट्रंकेतून जुना लॅब कोट काढताना खाली एक डायरी निघाली. २०२१. म्हणाली, बाबा, ही तर पुरात गेली म्हणत होतात. कोरडी आहे.

मी म्हटलं, ओल आत असते.

तिने ती माझ्या हातात दिली आणि भांडी भरायला गेली. वाचली असावी, आधी कधी तरी. माझ्याकडे बघण्यावरून वाटलं. मी गच्चीच्या जिन्यात जाऊन बसलो. इथेच मंजुळा बसायची म्हणे. डायरीतलं इथे उतरवून घेतो, म्हणजे ती पुन्हा हरवली असं म्हणता येणार नाही.

२८ जुलै. मंजुळाला धुण्याचा सोडा काढून दिला. लेबल शाबूत असलेल्या दोन-तीन बाटल्यांपैकी एक, नशीब.

२ ऑगस्ट. मंजुळाला ताप. गच्चीत येऊन म्हणाली, झालं का तुमचं, दवाखान्यात जाऊ. उद्या म्हटलं. बाटल्या १९.

३ ऑगस्ट. पुन्हा विचारलं, झालं का. उद्या. पोटऱ्या दुखतात म्हणते. चिखल उपसून दुखणारच. बाटल्या २६.

४ ऑगस्ट. डोळे पिवळट वाटले. संध्याकाळच्या उजेडामुळे असावं. जिन्यात बसून होती. उद्या नक्की. बाटल्या ३३.

५ ऑगस्ट. सदतीसच्या सदतीस बाटल्या पूर्ण! एकही चूक नाही. आता मंजुळाला घेऊन निघतो.

पुढची पानं मुंबईच्या हॉस्पिटलातली आहेत. ती उतरवत नाही.

तर लेबल होतं. मला माहीत होतं. माझ्याच अक्षरात आहे. मान वर न करता बोट दाखवलं हे मी नंतर कधी तरी तयार केलं, कारण बोट दाखवणं ही एका क्षणाची चूक असते, कोणाच्याही हातून होते, आणि तिचं गणित मांडता येतं. तीन दिवस उद्या म्हणण्याचं मांडता येत नाही. मुलांच्या वह्यांत मी हेच पकडायचो. हवं ते उत्तर आधी, रीडिंगं मागून.

मंजुळा, मी तुला विष दिलं असेल याची मला इतकी वर्षं भीती वाटत होती. तसं नाही. मी फक्त आलो नाही. तू अकरा पायऱ्या चढून आलीस, तीन वेळा, तापात. तुझी फार आठवण येते.

साडेअकरा. पूड बरणीत भरली. खोक्यांची दोन लेबलं उरली होती. एकावर लिहिलं : धुण्याचा सोडा, २८६ होता, आता १२४. बरणीला चिकटवलं. बरणी पनवेलला नेणार. शर्मिला म्हणाली, तिकडे मशीन आहे बाबा, सोडा कशाला. तरी तिने ती टॉवेलात गुंडाळली.

काटा परत द्यायला खाली गेलो. भाभींना म्हटलं, चिखल तुमचा नव्हता, पुराचा होता. उशीर माझा होता. त्यांनी काटा घेतला नाही. म्हणाल्या, राहू द्या सर, तिकडं डॉक्टर मीठ मोजून खायला सांगतील. पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलल्या.

बारा वाजता. सामान गाडीत. कपाटातली जुनी प्रश्नपत्रिकांची चळत राहिलीय, वीस वर्षांची, वर्षवार लावायला हवी. दोन तासांचं काम. फार तर उद्या सकाळी निघालो असतो.

शर्मिला दारात उभी आहे. हातात गाडीची किल्ली. म्हणते, झालं का तुमचं?

चळत तशीच ठेवतो. उठतो.